मिठाच्या टाकीची सावंत्राक्का

सावंत्राक्का आधी वाजवून बघायची, मग बोलायची. फणस असो, भोपळा असो, नवा आलेला गॅस सिलिंडर असो, उजव्या हाताची मधली दोन बोटं मुडपून ती त्यावर टकटक करायची, कान लावायची आणि निकाल द्यायची. "भरलेलं हाय." नाहीतर, "पोकळ हाय." तिसरा निकाल तिच्या दरबारात नव्हता. एकदा बेंगळूरहून आलेला एक लठ्ठ पाहुणा रिसेप्शनपाशी वाकून बुटाची नाडी बांधत होता. अक्कानं जाता जाता त्याच्या पाठीवर वाजवलं, कान लावला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडली, "इनास, पोकळ हाय रं! नाष्टा लाव लवकर!"

पाहुणा घाबरला की लाजला ते कळलं नाही. पण पुढं तीन दिवस तो अक्का दिसली की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा.

मी त्या रिसॉर्टचा जीपड्रायव्हर. गणेशगुडीच्या अलीकडं डांबरी सोडून मातीच्या रस्त्यानं आत वळलं की काळी नदीच्या काठावर आमच्या कौलारू खोल्या दिसतात. पाहुण्यांना जंगल दाखवणं हे माझं काम, आणि जंगलात काही दिसलं नाही तर दिसल्यासारखं सांगणं हे त्याहून मोठं काम. माझ्या गोष्टीतला वाघ गेल्या काही वर्षांत इतका वाढलाय, की आता त्याची शेपटी सुपा धरणाच्या पलीकडं टेकते. अक्काच्या बाबतीत मात्र मला काही वाढवावं लागत नाही. उलट थोडं कापूनच सांगावं लागतं.

अक्का डोंगरातल्या दिग्गी गावची. बुटकी, काटक, काळी कुळकुळीत, आणि आवाज असा की डोंगराच्या ह्या कडेवरून त्या कडेवरच्या म्हशीला हाक मारायला देवानं खास घडवलेला. तिनं आमच्या अंगणातून "चहाऽऽ" म्हटलं की नदीत राफ्टिंग करणारी पोरं वल्ही थांबवून काठाकडं बघायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक खानापूरकडं दिली होती. मुलगा बाळू फोंड्याला कारखान्यात कामाला आणि बायको-पोरांसह तिथंच दोन खोल्यांत. दिग्गीच्या घराला कुलूप. अक्का आमच्याकडं आली ती चादरी धुवायला.

आणि चादरींनीच सगळा घोटाळा केला. आमच्या बोअरचं पाणी जड. किती जड? मी पाहुण्यांना सांगायचो, बादली भरली की उचलायला दोघं लागतात. गिझर उघडला की आत मुंग्यांच्या वारुळासारखा पांढरा चुना. शॉवरला शंभर भोकं असतील तर पाणी यायचं सातातून, आणि तेही सात दिशांना. साबण घासून घासून झिजायचा, पण फेस म्हणून काही नाही. पुण्याची एक बाई केस धुऊन बाहेर आली तेव्हा इनासला वाटलं, नारळ सोलायचा राहिलाय. अक्का दगडावर चादरी आपटून आपटून थकायची, आणि चादरी वाळल्या की पापडासारख्या कडक व्हायच्या. "ह्या चादरी घडी घालायच्या न्हाईत," ती म्हणायची, "मोडायच्या."

मग मालकानं पाणी हलकं करायचं मशीन आणलं.

दोन भांडी होती. एक माणसापेक्षा उंच, नळकांड्यासारखं, त्यात मोहरीएवढे पिवळे दाणे. त्याच्या डोक्यावर एक छोटी पेटी, किती पाणी गेलं ते मोजणारी. शेजारी झाकणाची निळी प्लास्टिकची टाकी, ती मिठाची. बेळगावचा मेकॅनिक आला, त्यानं दोन्ही भांडी पंपघरात बसवली आणि आम्हाला गोळा करून सगळं समजावलं. मॅनेजरना समजलं, इनासला समजलं असं तो म्हणाला, मला समजायची गरज नव्हती. अक्कानं ऐकून घेतलं, उंच भांड्यावर वाजवलं, निळ्या टाकीवर वाजवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून येईल त्या पाहुण्याला पंपघरात नेऊन स्वतःच समजवायला लागली.

"ह्ये दाणं म्हंजी बायका," ती सांगायची. "पाण्यातनं चुना जायला लागला की ह्या त्याला धरून ठिवत्यात. धरून धरून हात भरलं की आनी कसं धरणार? मग वरची पेटी काय करतीया, ह्या टाकीतलं खारं पाणी वडून बायकांस्नी पाजतीया. खारं पाणी पोटात गेलं की बायका हात सोडत्यात. चुना गटारात, बायका मोकळ्या. मग पेटी टाकीत परत गोडं पाणी सोडतीया, त्यात मीठ विरघळत बसतंय, फुडल्या वक्ताला. समाजलं?"

हुबळीच्या एका प्राध्यापकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्या आयुष्यात त्याला इतकं स्वच्छ कुणी समजावलं नव्हतं, फक्त आता नळ सोडला की त्याला बायका दिसतात.

मेकॅनिकनं तीन गोष्टी बजावल्या होत्या. मीठ कायम पाण्याच्या वर दिसलं पाहिजे, खाली गेलं की भर घालायची. टाकी काठोकाठ भरायची नाही. आणि वर्षातून एकदा सगळं उपसून तळाचा गाळ काढून टाकी धुवायची. शेवटी तो सहज म्हणाला, "पावसाळ्यात हवा ओली असते, तेव्हा मिठाकडं कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

अक्कानं तो शब्द वरच्यावर झेलला. "मी ठेवते."

ती एवढ्या घाईनं का म्हणाली, ते आम्हाला नंतर कळलं. पावसात नदी फुगते, राफ्टिंग बंद, रिसॉर्ट बंद. आम्ही सगळे आपापल्या घरी. मी रामनगरला, इनास त्याच्या आईकडं. अक्का दिग्गीला जाऊन कुलूप उघडायची. दिग्गीत घरं म्हणजे एक इथं आणि दुसरं रान ओलांडून पलीकडं. पाऊस लागला की शेजाऱ्याचा दिवासुद्धा दिसत नाही. मला ती तम्मा म्हणायची, कानडीत धाकटा भाऊ. एकदा चादरी पिळता पिळता तिनं सांगितलं होतं, आणि हे मी बिलकुल वाढवून सांगत नाही.

"तम्मा, पावसाळाभर मी माज्या तोंडाचा आवाज ऐकला न्हाई बग. बोलायचं कुणासंगट? एकदा फळीवरनं भांडं पडलं, तर दचकून 'कोण?' म्हणलं. आनी त्यो 'कोण' ऐकून जास्त दचकलं की रं! हे कोण बोललं म्हणून."

ती हसली, मीही हसलो. मग दोघांनी मिळून ती चादर जरा जास्तच पिळली.

तर मालकानं पंपघराला लागून असलेली खोली अक्काला दिली, बारा महिने. तिनं अट घातली ती आपणहून, सगळ्यांसमोर. "काम हाय तवर ऱ्हाते. टाकी हाय तवर खोली. फुकट ऱ्हाणार न्हाई." मालक हो हो म्हणाले. त्यांना वाटलं मानी बाई आहे. पण अक्काच्या लेखी तो करार पक्का झाला होता. बाळू फोनवर म्हणायचा, "आई, ये इकडं, नातवंडं विचारतात." अक्का म्हणायची, "टाकीकडं कोण बघणार?" आमच्याकडं रेंज फक्त नदीकाठच्या एका खडकावर यायची, तीही अक्का त्यावर उभी राहिली तर. त्यामुळं बाळूशी काय बोलणं होतं ते गुपित राहायचं नाही. अक्काचा आवाज मोबाइलशिवायही फोंड्याला पोचला असता.

"बरं हाय सगळं. व्हय, जेवले. टाकी भरलेली हाय."

शेवटचं वाक्य कायम तेच.

आणि ती खरोखरच भरलेली असायची, काठोकाठ. मेकॅनिकची दुसरी सूचना अक्कानं ऐकलीच नव्हती. "अर्धी टाकी बघवत न्हाई," ती म्हणायची. मी बेळगावहून मिठाची पोती आणायचो, अक्का पोतं खांद्यावर घेऊन (मी मदतीला गेलो तर मला ढकलून) टाकीत उपडं करायची आणि वर हातानं सारवल्यासारखं सपाट करायची. झाकण उघडलं की आत पांढरं शुभ्र, जसं सणाला रांगोळीचं अंगण.

पहिला पावसाळा गेला. रिसॉर्ट उघडलं, पाहुणे आले आणि पहिल्याच दिवशी पाच खोल्यांतून तक्रार, साबणाला फेस नाही. चादरी पुन्हा पापड. अक्का पंपघरात धावली, झाकण उघडलं. टाकी भरलेली! होती तशी, काठोकाठ. मॅनेजरनी बेळगावला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, येतो, पण परवा.

अक्का त्या टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग वाकली आणि टाकीच्या बाहेरून वाजवायला लागली. वर टकटक. भरलेलं. थोडं खाली टकटक. तिचा चेहरा बदलला. आणखी खाली. तिनं कान लावला.

"पोकळ हाय," ती हळू म्हणाली. अक्काला हळू बोलता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिनं कोपऱ्यातला बांबू उचलला आणि वरच्या मिठात घातला. पहिल्यांदा घुसला नाही. दुसऱ्यांदा सगळा भार टाकून घातला, आणि मीठ धडाड करून खाली कोसळलं. तो आवाज असा झाला की, मी पाहुण्यांना सांगतो, धरणाचे दरवाजे उघडले समजून खालच्या गावातल्या लोकांनी गुरं वर हाकलली. झालं असं होतं की पावसाळ्याच्या ओलीनं वरचं मीठ एकमेकाला धरून बसलं होतं, घुमटासारखं. खालचं विरघळून गेलं, पाणी खाली, मीठ वर, आणि मधे नुसती पोकळी. पेटी बिचारी वेळेवर खारं पाणी ओढायची, पण ओढायची काय, साधं पाणी. दाण्यांच्या बायकांचे हात भरलेलेच.

"वरनं भरलेली दिसत हुती रं," अक्का कितीतरी वेळ म्हणत राहिली. "मी रोज झाकण उघडून बघत हुते की. रोज."

तेव्हापासून ती टाकी अर्ध्याच्या थोडी वर भरायला लागली आणि रोज सकाळी बांबूनं मीठ हलवायला लागली. आंघोळ, चहा, टाकी, मग बाकीचं जग. पावसाळ्यात मी आठवड्यातनं एकदा रामनगरहून तिच्यासाठी तांदूळ, भाजी, चहापूड घेऊन जायचो. वॉचमन दिवसा एक फेरी मारून गावात परतायचा. बाकी ती, पाऊस आणि टाकी. मी जीपचा हॉर्न मातीच्या रस्त्याच्या तोंडापासून वाजवत जायचो. मी पोचेपर्यंत ती छत्री घेऊन फाटकात उभी असायची आणि मी उतरायच्या आधी बोलायला सुरुवात झालेली असायची. मागच्या आठवड्यापासून साठलेलं ती एका दमात बोलायची, जळवांबद्दल, कौलांबद्दल, टाकीबद्दल. मी निघालो की म्हणायची, "बस की जरा. आत्ताच आलास." तेव्हा मला येऊन तीन तास झालेले असायचे.

"भीती नाही वाटत अक्का, एकटीला?" मी एकदा विचारलं.

"एकटी कुठं? टाकी हाय की." मग जरा थांबून म्हणाली, "रातीला ती पेटी पाणी वडायला लागली की गुर्रगुर्र करतीया. भिंतीला लागून माजं हातरूण. आवाज आला की बरं वाटतंय. घरात कोण तरी जागं हाय म्हणून."

आणि गवा होता.

मशीनचं खारं, चुन्याचं पाणी एका पाइपनं कुंपणाबाहेर, मत्तीच्या झाडाखाली जायचं. तिथले दगड खारट झाले होते. कळपातून बाहेर पडलेला एक म्हातारा गवा ते चाटायला यायला लागला. आकार? माझी जीप त्याच्या पोटाखालून गेली असती आणि वर टपावरचं सामानही घासलं नसतं. एका शिंगाचं टोक मोडलेलं. पहिल्यांदा तो आला तेव्हा वॉचमन झाडावर चढला आणि उतरायचं विसरला. अक्का कुंपणाशी गेली आणि ओरडली, "ए मुडद्या! हळू चाट! दगड गिळशील!" गव्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा हळू चाटायला लागला. माझा यावर विश्वास बसला नसता, पण मी स्वतः पाहिलं.

पुढं तो संध्याकाळी नेमानं यायचा. अक्का कुंपणाच्या आत दगडावर बसायची, तो बाहेर. ती चादरींचे फाटके काठ शिवायची आणि त्याच्याशी बोलायची.

"ह्यो बी दिग्गीचाच असणार," ती म्हणाली.

"कशावरून गं?"

"एकटाच हाय, आनी कुणाशी बोलत न्हाई."

अशी बरीच वर्षं गेली. टाकी वर्षातून एकदा धुतली जायची, रिसॉर्ट बंद झाल्यावर, पाऊस लागायच्या आधीच्या उन्हात. तळाला लापशीसारखा गाळ बसलेला असायचा, तो अक्का वाटीनं खरवडायची, टाकी आतून घासायची, अंगणात उपडी घालायची, आणि वाळली की पुन्हा टकटक. रिकामी टाकी वाजवून ती दरवेळी तोच विनोद करायची. "पोकळ हाय." आणि स्वतःच हसायची.

मग गेल्या वर्षी मालकांनी नदीचं पाणी गाळायचा नवा प्लांट बसवला. बागेला नदीचं पाणी आधीपासून होतंच, तेच आता गाळून खोल्यांना जोडलं. नदीचं पाणी मुळात हलकं. बोअरची गरज संपली, मशीनची संपली, मिठाची संपली. हे सगळं झालं तेव्हा अक्का लेकीच्या गावी जत्रेला गेलेली. मॅनेजरनी आम्हाला बोलावलं. "मशीनचा बायपासचा दांडा मी फिरवलाय. त्यातून आता थेंबही जात नाही. मालक म्हणाले, राहू दे जागेवर, कोण घेतंय. पण अक्काला कोण सांगणार?"

इनासनं माझ्याकडं बघितलं. मी इनासकडं बघितलं. टाकी हाय तवर खोली. ती काय म्हणाली होती ते तिघांनाही पाठ होतं. कुणी सांगितलं नाही.

अक्का परत आली, बांबू घेऊन टाकीकडं गेली. पाणी वापरलंच जात नव्हतं, तर पेटी खारं पाणी ओढणार कशाला? आणि मीठ उतरणार कसं? आठवड्यानं अक्का स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मीठ बोटभर बी उतरंना. टाकी गुरगुरत बी न्हाई हल्ली."

"तुला झोप चांगली लागत असेल," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. "असंल."

त्या दुपारी अक्का काठावर चादरी वाळत घालायला गेली आणि मी पंपघरात शिरून बादलीभर मीठ काढलं. म्हटलं, उतरायला पाहिजे तर उतरवू. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. पण गंमत अशी की मला इनासनं सांगितलं नव्हतं आणि इनासला मॅनेजरनी. तिघंही आपापल्या वेळी, आपापल्या भांड्यानं, मीठ काढत होतो. इनास पातेल्यानं न्यायचा आणि नदीत सोडायचा. मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात, तांब्यानं, आणि संडासात ओतायचे. अक्कानं पोतं ओतलं की चार दिवसांत तळ दिसायचा.

"टाकीला भस्म्या झालाय," अक्का जाहीर करायची आणि नवं पोतं फोडायची. मी बेळगावच्या फेऱ्या मारून दमलो. मिठाच्या दुकानदारानं मला विचारलं, तुम्ही समुद्र बनवताय का? शेवटी एका दुपारी आम्ही तिघं एकमेकांना पंपघराच्या दारात भेटलो, बादली, पातेलं आणि तांब्या घेऊन. मॅनेजर म्हणाले, "पाळ्या लावू या."

मी माझं मीठ जीपच्या शेडमागं टाकत होतो. तिथं नुसते दगड, झाडझाडोरा नाही, कुणाला काय कळतंय.

कुणाला कळलं, तर गव्याला.

एका संध्याकाळी, ऊन अजून मत्तीच्या शेंड्यावर होतं, मी हुबळीच्या पाहुण्यांना घेऊन जंगलातून परतलो, नेहमीप्रमाणं काही न दाखवता. शेडपाशी जीप वळवली आणि समोर गवा. मोडक्या शिंगाचा. दगड चाटत उभा. पाहुणे वेडे झाले, मोबाइल बाहेर आले. मी इंजिन बंद करून हळू आवाजात सुरू केलं, "हा माझा जुना मित्र. मी येताना शीळ घातली ना, ती ऐकून आला." तेवढ्यात बाजूनं चादरींची टोपली घेऊन अक्का आली.

तिनं गव्याकडं बघितलं. मग दगडांवरच्या पांढऱ्याकडं. मग माझ्याकडं.

"तम्मा," ती म्हणाली, "माजा गवा तुज्या दारात कसा?"

"दगडात काहीतरी खनिज निघालंय अक्का," मी म्हणालो. "परवा तज्ज्ञ येऊन गेले."

"आनी खनिजाला पोत्याची सुतळी कशी लागली?"

सुतळी होतीच तिथं. पाहुण्यांपैकी एकानं तिचाही फोटो काढला.

अक्का टोपली कमरेवर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेल्यावर तिनं आम्हा तिघांना पंपघरात बोलावलं. स्टुलावर चार कप चहा मांडलेला. आम्ही पंचनाम्याला आल्यासारखे उभे. तिनं भिंतीमागं हात घालून बायपासच्या दांड्यावर ठेवला, नुसता ठेवला.

"टाकी गुरगुरायची बंद झाली, त्याच दिशी कळालं मला."

मॅनेजर चहाकडं बघत म्हणाले, "मग अक्का, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही तिघं येवढं कष्ट करालासा. साहेब तर तांब्या घिऊन. तुमचं मन मोडवंना मला." ती जराशी हसली. "आनी पोती वतायला काम बी लई लागलेलं. बरं चाललेलं की."

"चालू दे की मग," इनास म्हणाला. "आम्ही काढतो, तू भर."

"सुम्म बस रं." तिनं टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, लावलं. "बाळू रोज फोनवर 'ये' म्हणतोय. रोज. मी म्हणते टाकी हाय. तुम्ही पोत्यानं मीठ काढलासा, पर एकानं बी असं म्हणलं न्हाई, की अक्का, टाकी गेली खड्ड्यात, तू ऱ्हा."

थापा मारून मारून माझं तोंड एवढं चालतं झालंय, की झोपेतही वाघ दाखवतो मी. पण तेव्हा मला दोन शब्द जुळवायला वेळ लागला.

"अक्का, टाकी गेली खड्ड्यात," मी म्हणालो. "तू रहा."

ती पुढं आली. उजव्या हाताची मधली दोन बोटं मुडपली आणि माझ्या छातीवर वाजवलं, टकटक. मग खरंच कान लावला. तिच्या केसांना साबणाचा आणि धुराचा वास होता. इनास खिडकीबाहेर बघत होता.

"भरलेलं हाय," ती म्हणाली. "खोटं न्हाई बोलत ह्यो आज." आणि पदरानं कप उचलत म्हणाली, "तरी बी जाते मी. काम हाय तवर खोली, मीच म्हणलेलं. आनी बाळूनं आधी बोलवलंय."

जायच्या आदल्या दिवशी तिनं टाकी धुतली. उरलेलं मीठ उपसून तिनं मत्तीच्या झाडाखाली, जुन्या जागी, दगडांवर पसरलं, सगळं. तळाचा गाळ वाटीनं खरवडला. पाणी भरलं की नळ बंद करणारं आतलं तरंगतं बोंडूक काढून जुन्या ब्रशनं घासलं, कपड्यानं पुसलं, पुन्हा जागेवर बसवलं, जसं काही उद्या पाणी येणारच आहे. टाकी अंगणात उन्हात उपडी घातली. वाळल्यावर वाजवायला मात्र गेली नाही. संध्याकाळी ती कुंपणाशी दगडावर बसली होती, हातात शिवण नव्हतं. गवा आला की नाही मला माहीत नाही. मी तिकडं गेलो नाही, आणि ह्या एका गोष्टीत मला काही रचून सांगायचं नाही.

सकाळी मी तिला जीपनं गणेशगुडीच्या स्टॉपवर आणलं. रामनगरवरून घाट उतरून गोव्याला जाणारी बस आली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक पिशवी आणि फणस एक, नातवंडांसाठी, वाजवून घेतलेला. मी ट्रंक वर चढवली. तिला खिडकीची जागा मिळाली, पण काच घट्ट बसलेली, उघडेना. आतून ती काहीतरी बोलत होती. एवढ्या मोठ्या आवाजाची अक्का, आणि पहिल्यांदाच मला तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

मग तिनं बोटं मुडपली आणि काचेवर वाजवलं, टकटक. आणि काचेला कान लावला. हसत होती.

मला काय सुचावं? मीही बोटं मुडपली आणि तिच्या खिडकीखालच्या पत्र्यावर वाजवलं, टकटक.

ड्रायव्हरला वाटलं, मागून कुणीतरी सुटायची खूण केली. त्यानं गिअर टाकला आणि बस निघाली. मी दोन पावलं धावलो, "अरे थांब," म्हणालो, पण बस वळणापर्यंत गेलीसुद्धा. अक्काचा कान तसाच काचेला होता, माझ्या टकटकीचा निकाल द्यायला. तिचे ओठ हललेले मी पाहिले. दोनच शब्द असणार. पण भरलेलं म्हणाली की पोकळ, ते बसच्या आवाजात मला कळलं नाही.